गिळण्याचा स्कोअर ५ वरून ४ झाला, म्हणजे बाबा मागे गेले का?

अनुजा_के
माझ्या बाबांना स्ट्रोक झाला, आता घरी आहेत. डिस्चार्जच्या कागदावर 'एफओआयएस ५' लिहिलं होतं. परवा नवीन स्पीच थेरपिस्ट येऊन गेल्या, त्यांनी लिहिलंय 'खाणं ५, पेय २, फंक्शनल डाएट स्केल ४'. खाणं तर तेच चाललंय, चुरलेला भात, बारीक केलेली भाजी, थिकनर (घट्ट करायची पावडर) घातलेलं पाणी, मग ५ चं ४ कसं झालं? आई सकाळपासून रडतेय. आणि त्या दोन आकड्यांचा अर्थ काय?

गिळगिळीत (स्पीच थेरपिस्ट)
आईंना आधी सांगा की बाबा मागे गेलेले नाहीत. हे दोन वेगळे स्केल आहेत. एफओआयएस म्हणजे तोंडाने किती आणि कसं खाता येतं त्याचा स्केल, तो १ ते ७ असतो, १ म्हणजे तोंडाने काहीच नाही आणि ७ म्हणजे काही पथ्य नाही. तोंडाने सगळं चालतं पण खास तयार करून द्यावं लागतं, त्याला ५. बाबांचं तेच चाललंय ना, म्हणजे आजही ५ च.

दुसरा, तो फंक्शनल डाएट स्केल, आयडीडीएसआयचा, म्हणजे खाणं किती मऊ आणि पेय किती घट्ट हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा. त्यात ० ते ७ अशा लेव्हल असतात, साधं पाणी ०, तुमचं आमचं जेवण ७. पेय खालून वर घट्ट होत जातं, खाणं वरून खाली मऊ होत जातं, आणि ३-४ ला दोन्ही एकमेकांवर येतात. बाबांना पेय २ पासून आणि खाणं ५ पर्यंत, म्हणजे २, ३, ४, ५ अशा चार लेव्हल मोकळ्या, म्हणून ४. पूर्ण मोकळं असलं की ८.

माझं मत विचाराल तर नुसता स्कोअर कुणी लिहून दिला तर घेऊच नका. ज्यांना खाणं ७ पर्यंत चालतं पण पेय ४ एवढंच घट्ट लागतं त्यांचाही स्कोअर ४ च येतो, आणि त्यांचं ताट वेगळंच असतं! तुमच्या बाईंनी दोन्ही लेव्हल लिहिल्यात हे चांगलं केलंय.

मऊभात
सासूबाईंचं करते म्हणून सांगते, पेयाचं मोजमाप घरी होतं. १० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, खालून बोट लावून १० पर्यंत भरा, बोट सोडून १० सेकंदांनी परत बंद करा. ४ ते ८ मिली उरलं तर लेव्हल २. फक्त सिरिंजवर ० ते १० च्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी आहे का ते पट्टीने बघा, सगळ्या कंपन्यांच्या सारख्या नसतात.

आणि खाणं ५ म्हणजे तुकडे ४ मिमीपर्यंत, साधारण काट्याच्या दोन दातांमधल्या फटीएवढे, ओलसर हवेत पण रस वेगळा सुटता कामा नये. म्हणून भातावर पातळ आमटी ओतून नका देऊ हो, दाणे वेगळे पाणी वेगळं होतं. घट्ट वरणात कालवा. पेज तर गरम असताना वेगळी आणि गार झाली की वेगळी, म्हणून ज्या वेळी देणार तेव्हाच तपासायची.

अनुजा_के
खूप बरं वाटलं, आईला वाचून दाखवलं. पण एक सांगायचं राहिलं, बाबा गुपचूप साधा चहा पितात 😐 ठसका लागत नाही. मग स्कोअर वाढवून धरायचा का?

गिळगिळीत
नाही नाही. स्कोअर हा काय सांगितलंय त्याचा असतो, बाबा काय पितात त्याचा नाही. आणि ठसका नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही, स्ट्रोकनंतर काही जणांच्या श्वासनलिकेत गेलं तरी खोकलाच येत नाही. चहा कधी, किती, हे वेगळं लिहून बाईंना दाखवा, त्या गरज वाटली तर दुर्बिणीने किंवा व्हिडिओ एक्सरेने बघायला सांगतील. तोवर चहाही थिकनर घालूनच. स्टार्चवाला थिकनर असेल तर लाळेने पातळ होतो, उष्टा कप तासाभराने परत देऊ नका. झँथन गमवाला त्या बाबतीत बरा.

मऊभात
आणि ताप आला किंवा छातीत घरघर वाटली तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका, लगेच डॉक्टर.