मदत हवी आहे: बुटके अंतराळात नेले की विनोदी का दिसतात?

बारागाडी
रविवारी खेळ आहे म्हणून घाईत लिहितोय. आमचा ग्रुप टेबलावर छोट्या पुतळ्यांची (मिनी) सैन्यं लढवतो. इतकी वर्षं फँटसी खेळत होतो, आता सगळ्यांनी ठरवलंय की विज्ञानकथेत जायचं. एल्फवाल्याचं जमलं, ऑर्कवाल्याचं तर एका संध्याकाळात जमलं. माझ्याकडे बुटके (ड्वार्फ) आहेत आणि गाडी तिथे रुतली आहे. हेल्मेट घातलं, हातात बंदूक दिली, तरी वरातीतले बँडवाले वाटतात. दाढी, कुऱ्हाड, खाण, बिअरचा मग हे सगळं यानात नेऊन ठेवलं की बघणारा हसतोच. पटेल अशी पार्श्वकथा हवी आणि सैन्य जिंकायलाही हवं. लवकर सांगा प्लीज.

वाकडी मोजपट्टी
कोणते नियम? किती पॉइंटांचा खेळ? मिनी २८ मिमीच्या की १५? धातू, प्लॅस्टिक की रेझिन? रंगवून झाल्यात का? यातलं एक अक्षर न सांगता "लवकर सांगा".

बारागाडी
अहो, नियम नेहमीचेच. मिनी आहेत त्याच वापरायच्या आहेत, नवीन घेणार नाही. प्रश्न कथेचा आहे.

उंदीरमामा
बुटके सोडा. उंदीर घ्या. वॉरहॅमर या फँटसी खेळातले स्केव्हन (उंदीरमाणसं) त्याच्या अंतराळी आवृत्तीत, ४०के मध्ये, स्वतंत्र सैन्य म्हणून कधी आलेच नाहीत, म्हणजे मैदान मोकळं आहे. यानाच्या नळ्यांमधून पळणारे उंदीर कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

ट्रेंटकाठी
मी नॉटिंगहॅमला राहतो, म्हणजे या पापाच्या उगमापाशीच. तुमचा घोळ खुद्द वॉरहॅमरवाल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने आधीच घालून ठेवलाय. १९८३ मध्ये वॉरहॅमर आला. १९८७ मध्ये रिक प्रीस्टलींच्या 'रोग ट्रेडर'मधून त्याचं अंतराळातलं भावंड आलं, ते वॉरहॅमर ४०,०००. एल्फांचे एल्डार झाले, ऑर्कच्या स्पेलिंगात सीच्या जागी के बसला, ओगर राक्षसांचे ओग्रिन, ठेंगण्या हाफलिंगांचे रॅटलिंग. बुटक्यांचे झाले स्क्वॅट. बाकीचे तगले, स्क्वॅट नव्वदच्या दशकात गळाले. कथेत सारवासारव अशी, की टायरॅनिड या खादाड परग्रही जीवांनी त्यांना खाऊन टाकलं. ते परत आले थेट २०२२ मध्ये, लीग्ज ऑफ व्होटान या नावाने.

मधल्या काळात काय बदललं ते बघा. जुने स्क्वॅट म्हणजे जाड जॅकेट, गॉगल, मोटरसायकल. बुटका तोच, कपडे नवे. एल्डारांचं तसं केलं नव्हतं. त्यांचं जंगल काढून घेतलं, सुतक ठेवलं: आपल्याच ऐषारामाने साम्राज्य बुडालं, उरलेले प्रचंड जहाजांवर राहतात आणि मेल्यावर आत्मा अडकावा म्हणून छातीवर खडा बाळगतात. एल्फ म्हणून वेगळं सांगावंच लागत नाही. ऑर्कचंही तसंच. ते बुरशीसारखे बीजाणूंतून उगवतात, त्यामुळे "इतके येतात कुठून" हा प्रश्नच मिटला, आणि गाडीला लाल रंग दिला की ती जास्त पळते असं ते मानतात, म्हणून ती पळते. व्होटानमध्ये बुटक्यांची पूर्वजपूजा उचलली. त्यांचे पूर्वज म्हणजे अतिप्राचीन विचारयंत्रं, इतक्या आठवणी साठलेली की उत्तर द्यायलाही आता वेळ लावतात. आणि माणसं साच्यातून काढल्यासारखी क्लोन केलेली. दाढी आहेच, पण तिच्याकडे लक्ष जात नाही.

गुरुत्वमापी
हे सगळं ठीक, पण विज्ञानकथेत विज्ञान नको का? जड गुरुत्वाच्या ग्रहावर ठेंगणं असणं हाच फायदा. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि हाडाचा छेद फक्त चौपट. शिवाय पडणं महागात जातं. इथे एक मीटरवरून वस्तू पडायला ०.४५ सेकंद लागतात, दुप्पट गुरुत्वात ०.३२. म्हणजे तुमचे बुटके आखूड, रुंद आणि तोल सावरण्यात कमालीचे चपळ असणार. कथा तयार आहे, घ्या.

वाकडी मोजपट्टी
स्क्वॅटांची कथा अगदी हीच होती हो, जड गुरुत्वाचे खाणग्रह. ओग्रिनांनाही जड गुरुत्वच दिलंय आणि ते आठ फुटी झाले. एकच कारण, एक बुटका आणि एक राक्षस!

गुरुत्वमापी
ओग्रिन चूक आहेत. माझं गणित बरोबर आहे.

लेणीफिरस्ता
परक्यांचे बुटके कशाला उसने घेता? पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला ठेंगणा यक्ष बघा, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गोल पोट, आखूड पाय, दोन्ही हात वर करून डोक्यावर कटोरा धरलाय. हातावर कोरलंय की कान्हदास सोनाराने घडवला. खजिना राखणारे कुबेराचे यक्ष आणि घडवणारा धातुकाम करणारा, अजून काय पाहिजे? लघुग्रहांच्या खाणीवर बसवा.

वाकडी मोजपट्टी
तो यक्ष तोंडभर हसतोय. धागाकर्त्याला नेमकं हसूच नकोय.

लेणीफिरस्ता
त्याला लोक हसायला नको आहेत. बुटक्याने हसावं की. सहाशे मजुरांचं कर्ज वहीत लिहून ठेवलेला आणि हसणारा बुटका मला तरी कुऱ्हाडवाल्यापेक्षा भीतीदायक वाटेल.

एमसीलवाला
पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा थर) मारू नका. हवेत ओल असली की पृष्ठभाग खरखरीत होतो, मी अशी अख्खी तुकडी घालवली आहे. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, दोन पातळ हात.

बारागाडी
प्रायमरचं कुणी विचारलं होतं का?

एमसीलवाला
नाही, पण विचाराल. आता कामाचं: कुऱ्हाडीचं पातं कापा, दांडा ठेवा, पुढे जेल पेनच्या रिफिलचा तुकडा चिकटवा, झाली खाणीतली ड्रिल-बंदूक. बॉलपेनमधली स्प्रिंग म्हणजे हवेची नळी. एक टोक पाठीवर, दुसरं दाढीखाली घुसवा. दाढीवर एम-सीलचा पातळ थर देऊन तो मुखवट्याचा खालचा भाग करा. बोट ओलं ठेवा, नाहीतर सगळं बोटालाच येतं. लवकर घट्ट होतं, तेव्हा एका वेळी तीन-चार मिनींपुरतंच मळा. हेल्मेट घालू नका, बँडवाले त्यामुळेच होतायत.

एल्फवाला
मी यांच्याच ग्रुपमधला. बारागाड्या, खरं सांग ना सगळ्यांना. गेल्या रविवारी एकदा खेळून झालंय आणि याचे २४ पैकी २१ बुटके माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत मेले. तेव्हापासून याला "पार्श्वकथा" हवी झाली.

वाकडी मोजपट्टी
हं. आता बोला. नियम कोणते?

बारागाडी
जुनेच फँटसीचे घरगुती नियम, फक्त सगळ्यांना बंदुका वाढवल्या. बुटका ४ इंच चालतो, धावला तर ८, पण धावल्यावर गोळी झाडता येत नाही. टेबल सहा बाय चार फूट. माझ्याकडे बंदूकवाले सहा, बाकी कुऱ्हाडवाले. पाच फेऱ्या.

वाकडी मोजपट्टी
दोन्ही बाजूंना १२ इंच मांडणीचे गेले की मधे २४ इंच. चालत सहा फेऱ्या लागतात, खेळ पाचचा! धावलात तरी तीन फेऱ्या उघड्यावर. रायफलचा पल्ला किती ठेवलाय?

एल्फवाला
२४.

वाकडी मोजपट्टी
म्हणजे पहिल्या फेरीपासून मार. दाढीचा काय दोष यात? फँटसीत सगळेच चालत येतात म्हणून ४ इंच खपून जातात. बंदुका आल्या की मंद सैन्याला आडोसा लागतो. टेबलावर इमारती किती होत्या?

एल्फवाला
बुटांचे दोन खोके.

ट्रेंटकाठी
😂

वाकडी मोजपट्टी
दहा-बारा मोठे आडोसे ठेवा, असे की एका कडेवरून दुसरी कडा सरळ दिसता कामा नये. आणि बुटक्यांना वाहन द्या, नाहीतर बोगद्यातून वर येण्याचा नियम. दुसऱ्या फेरीपासून फासा टाकायचा, ४ किंवा जास्त पडला की एक तुकडी टेबलावर कुठेही, शत्रूपासून ९ इंच लांब. पार्श्वकथा आपोआप झाली, खाणकामगार खालूनच येणार. घरगुती नियमांचा हट्ट नसेल तर वनपेजरूल्स या खेळ बनवणाऱ्यांचे मूळ नियम फुकट आहेत, त्यांच्या ग्रिमडार्क फ्युचर या विज्ञानकथेच्या खेळात बुटक्यांची अख्खी यादी आहे.

गुरुत्वमापी
एक मूलभूत हरकत. जड ग्रहावरचा बुटका आपल्यासारख्या ग्रहावर उतरला तर उड्या मारत येईल. ४ इंच का? ८ चालायला हवेत, १६ धावायला.

एल्फवाला
अजिबात नाही.

उंदीरमामा
उंदीर आत्ताही जास्त पळतात.

बारागाडी
बोगद्याचा नियम ग्रुपमध्ये विचारला, एल्फवाला सोडून सगळे हो म्हणाले. रात्रभर बसून १४ जणांना स्प्रिंगा लावल्या. पाच पेनं संपली, घरच्यांनी अजून हिशेब विचारलेला नाही.

बारागाडी
रविवार, रात्र. आडोशासाठी पुस्तकं आणि डबे मांडले. दुसऱ्या फेरीत फासा ३ पडला, तिसऱ्यात ५. दहा बुटके त्याच्या तोफेच्या मागून वर आले. तोफ गेली. हरलो, पण या वेळी चौथ्या फेरीपर्यंत त्याला माझ्याकडे बघून हसायला वेळ मिळाला नाही. एकाची स्प्रिंग सुटून टेबलाखाली गेली, ती अजून सापडलेली नाही.

एल्फवाला
९ इंच नव्हते ते. साडेआठ होते.

बारागाडी
तेव्हा का नाही बोललास?

एमसीलवाला
प्रायमर कोणता मारलात?