टर्बो गाडीला आफ्टरमार्केट इनटेक: घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कोणता?

चौथा_गियर

नमस्कार मंडळी. माझी गाडी २ लिटर, चार सिलिंडर, टर्बो, मॅन्युअल. कंपनीचा आकडा २५० हॉर्सपॉवर. रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलणं) अजून केलेला नाही, पण येत्या काही महिन्यांत स्टेज १, म्हणजे त्याची पहिली पायरी, करायचा हे ठरलंय. त्याआधी इनटेक (इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टर, डबा आणि नळी) बदलावा, नंतर बदलावा की बदलूच नये, यावर गेले दोन आठवडे डोक्याचा भुगा झालाय.

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, मूळ एअरबॉक्स तसाच ठेवून आत चांगला पॅनेल फिल्टर. दुसरा, बंद डब्याचा पूर्ण किट. त्याच्या मॅफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) नळीचा आतला व्यास ७६ मिमी आहे, माझ्या मूळ नळीचा ७०. तिसरा, उघडा कोन फिल्टर आणि त्याभोवती पत्र्याचा हीट शील्ड. तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त आवाज करणारा. जाहिरातींत २० हॉर्सपॉवर वाढतात असं लिहिलंय. पटत नाही, पण मोह होतो.

आवाजही हवा आहे, हे आधीच सांगून टाकतो. टर्बो फिरायला लागल्यावर येणारी ती शिट्टी मला मनापासून आवडते. पण त्यापायी इंजिनाचं नुकसान नको. ज्यांनी स्वतः बसवलंय त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

रात्रपाळी

उघडा कोन मी दोन वर्षं वापरला. आवाज अप्रतिम, त्याबद्दल दुमत नाही. पण ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकलो की फिल्टरजवळच्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा सहज २० अंशांनी वर जायचं. गाडी पळायला लागली की मिनिटाभरात उतरायचं, पण सिग्नल सुटल्यावरचे पहिले दोन गियर मेल्यासारखे वाटायचे. हीट शील्ड म्हणून जे देतात ते बऱ्याचदा तीन बाजूंचा पत्रा असतो. वरून बोनेटला टेकणारी रबरी पट्टी नसेल तर गरम हवा वरून आत येतेच. तिसरा पर्याय घेऊ नकोस.

दाबमापक

रात्रपाळींना अनुमोदन. त्या २० अंशांचं पुढे काय होतं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘पुढे इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आहेच की’ म्हणून लोक ते सोडून देतात.

टर्बोचा कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि आत येणारी हवा जितकी गरम तितकी ही वाढही मोठी. दाबाचं गुणोत्तर (कॉम्प्रेसरनंतरचा दाब भागिले आधीचा) २.२ आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के धरा. ३० अंशांची हवा आत गेली तर बाहेर येताना साधारण १३५ अंशांची असते. ५० अंशांची गेली तर १६० च्या वर. म्हणजे आतल्या २० अंशांचे बाहेर २७ झाले. इंटरकूलर त्यातले बरेच काढून घेतो, पण सगळे नाही, आणि पूर्ण थ्रॉटलचे दोन-तीन पुल सलग मारले की तो स्वतःच तापतो. नॉक सेन्सरला नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तिथे पॉवर जाते.

आता २० हॉर्सपॉवरचं बघू. टर्बो नसलेल्या इंजिनात फिल्टरचा अडथळा कमी केला की फरक थेट सिलिंडरपर्यंत पोचतो. टर्बोत मध्ये वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) बसलेला असतो. ईसीयूने ठरवलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किंवा टॉर्क गाठला की तो उघडतो. तुम्ही अडथळा कमी केलात तर टर्बो तेवढाच बूस्ट कमी कष्टात देईल, वेस्टगेट थोडा जास्त उघडेल आणि मूळ मॅपवर पॉवर जवळपास तेवढीच राहील. फायदा होतो तो टर्बोच्या कष्टांत. समजा बूस्ट १.२ बार आहे आणि टर्बोच्या तोंडाशी दाब ३७ मिलिबारने पडतोय. गुणोत्तर २.२७ होतं. अडथळा अजिबात नसता तर २.१८ झालं असतं. एवढाच फरक, पण वरच्या आरपीएमला छोटा टर्बो आधीच धापा टाकत असतो, तिथे तो जाणवतो. रीमॅपनंतर जास्त, कारण तेव्हा हवा जास्त लागते आणि प्रवाह दुप्पट झाला की दाबातली घट जवळपास चौपट होते.

म्हणून माझा सल्ला: आधी मोजा. तुमच्या गाडीत अडथळा कुठे आहे हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. फिल्टरमध्ये असेल तर फिल्टर बदला, नळीत असेल तर नळी. डबा चांगला असेल तर त्याला हात कशाला लावायचा? कंपन्या मूळ एअरबॉक्स हल्ली बऱ्यापैकी विचार करून बनवतात. त्याला थंड हवा ग्रिलच्या मागून मिळते, पाणी खाली गाळलं जातं.

चौथा_गियर

दाबमापकदादा, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पण मोजायचं कसं? त्यासाठी डायनो (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजायचं यंत्र) लागेल ना?

दाबमापक

डायनो असेल तर उत्तम, नसेल तर बंद ट्रॅक. रस्त्यावर करू नका, नजर दाबावर जाते आणि रस्ता राहून जातो.

यंत्र साधं आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात एका फळीवर बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा, दिसावं म्हणून रंग टाका. एक टोक मोकळं, दुसरं टोक बारीक नळीने इनटेकला. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढे सेंटिमीटर फरक, तेवढेच जवळजवळ मिलिबार. दोन्ही हात पुरेसे उंच ठेवा, नाहीतर पाणी इनटेकमध्ये ओढलं जाईल. भीती वाटत असेल तर कमी दाबाचा व्हॅक्यूम गेज घ्या.

दोन ठिकाणी मोजा. एक, फिल्टरनंतर लगेच, एअरबॉक्सच्या बाहेर. दुसरं, टर्बोच्या तोंडापासून वीतभर अलीकडे. तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटल, रेडलाइनजवळचा आकडा टिपा. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पहिल्या आकड्यात डबा आणि फिल्टर येतात, दोहोंतला फरक म्हणजे नळी.

लॉगवाली

मोजणीबद्दल +१. मी रीमॅपचं काम करते, म्हणून दुसऱ्या पर्यायातल्या त्या ७६ मिमी नळीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. या धाग्यावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे आणि तिच्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

मॅफ सेन्सर सगळी हवा मोजत नाही. नळीच्या मधोमध एक तापलेली तार असते, तिच्यावरून जाणाऱ्या हवेने ती किती थंड होते यावरून तो अंदाज बांधतो. हा अंदाज ७० मिमी व्यासासाठी बसवलेला आहे. व्यास ७६ केला की क्षेत्रफळ जवळपास १८ टक्के वाढतं, तेवढीच हवा हळू वाहते आणि सेन्सरला ती १५ टक्के कमी दिसते. ईसीयू पेट्रोलही तेवढं कमी देतो.

हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक पकडतो आणि फ्युएल ट्रिम (पेट्रोलमध्ये केलेली टक्क्यांतली दुरुस्ती) वाढवून भरून काढतो. पण अनेक जुन्या गाड्यांत पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाही. नेमक्या बूस्टमध्ये मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊ शकतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हवा कमी दिसली म्हणजे लोड कमी दिसला, आणि कमी लोडच्या रकान्यात इग्निशन टायमिंग जास्त पुढे असतं. म्हणजे पेट्रोल कमी आणि ठिणगी लवकर, दोन्ही एकदम. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा अशाच तुटतात.

सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही. ज्यांत मॅफ नसतो, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि तापमानावरून हिशेब होतो, त्यांना व्यासाने फरक पडत नाही. सुबारू डब्ल्यूआरएक्सला मॅफ असतो, निस्सान आर३५ जीटी-आरला तर दोन टर्बोंसाठी दोन. जुन्या मित्सुबिशी इव्होंमध्ये तार नसून कारमान व्हर्टेक्स पद्धतीचा (हवेतले भोवरे मोजणारा) सेन्सर असे, तोही समोरच्या हवेच्या गडबडीला हळवा. तुझ्या गाडीत मॅफ आहे, म्हणून ७६ मिमीचा किट घ्यायचाच असेल तर रीमॅपच्याच दिवशी बसव. आधी बसवून ‘चालेल तोवर’ फिरू नकोस.

आज लॉग (ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) घेऊन ठेव. शॉर्ट आणि लाँग टर्म ट्रिम, आयडलला आणि स्थिर ८० च्या वेगाला. बेरीज ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, १० च्या पुढे गेली तर आधी ते कारण शोध.

वळणदार

एक उलट मत नोंदवतो. आकडे सगळे बरोबर असतील, पण आवाजासाठी इनटेक घेणं हेही पुरेसं कारण आहे. मी बंद डब्याचा किट रीमॅपसोबत बसवला. पॉवरमध्ये फरक कळण्याइतका नाही. पण सकाळी रिकाम्या रस्त्यावर थ्रॉटल सोडल्यावर जो उसासा ऐकू येतो, त्यासाठी मी पुन्हा तेवढेच पैसे देईन. फक्त डबा बंद असू द्या आणि व्यास मूळचाच असलेला किट शोधा. असे किट मिळतात.

फिल्टर_धुतो

फिल्टरबद्दल अनुभव. तेल लावायचा कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, हे खरं. मी पहिल्यांदा धुतला तेव्हा तेल जास्त लावलं, रात्रभर निथळूही दिला नाही. आठवड्याभराने गाडी अर्ध्या थ्रॉटलला अडखळायला लागली. मॅफ काढून बघितला तर तारेवर तपकिरी थर आणि त्याला चिकटलेली बारीक धूळ. मॅफचा खास स्प्रे मारून वाळवल्यावर बरं झालं. तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही, तुटते.

तेव्हापासून कोरडा सिंथेटिक फिल्टर. आणि कुठलाही नवा फिल्टर बसवला की हजारएक किलोमीटरनंतर नळी उघडून आतून पांढरं कापड फिरवतो. कापड करडं आलं तर तो फिल्टर परत. कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या मारतं, त्याच्या पात्यांवर धूळ रोज आपटत राहणं मला चालत नाही. विकणारा आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या चाचणीचे आकडे दाखवत असेल तर प्रवाहासोबत धूळ अडवण्याचा आकडाही विचारा. बहुतेक जण पहिलाच छापतात.

चौथा_गियर

मंडळी, मोजून आलो! ट्रॅक डेला गेलो होतो, मित्राला शेजारी बसवलं.

जुना कागदी फिल्टर, टर्बोच्या तोंडाशी: ५२ सेंटिमीटर. तिथेच नवा कागदी फिल्टर टाकला, कंपनीचाच: ३८. म्हणजे नुसता फिल्टर बदलून १४ सेंटिमीटर गेले. जुना किती दिवस तसाच होता याची मलाच कल्पना नव्हती. मग नव्या फिल्टरवर एअरबॉक्सच्या बाहेर मोजलं: १४. म्हणजे डबा आणि फिल्टर मिळून १४, आणि उरलेले २४ नुसत्या रबरी नळीत!

नळी काढून हातात घेतली. टर्बोकडच्या वळणावर ती आत चेपलेली आहे, शेजारच्या ब्रॅकेटला जागा द्यायला. आतून घड्या. अंगठ्याने दाबली तर सहज दबते, गरम झाल्यावर आणखी मऊ होत असणार.

ट्रिम आयडलला +१, ८० ला +३.

दाबमापक

शाब्बास. मग उत्तर तुझ्याच हातात आहे, ती नळी. डब्याला हात लावू नकोस.

२४ सेंटिमीटर म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वादोन टक्के. पूर्ण नाहीसे झाले तरी २५० वर फार तर सहा हॉर्सपॉवर, तेही टर्बो मर्यादेला टेकल्यावर. जाहिरातीतले २० तिथे नाहीतच.

टर्बो इनलेट पाईप घेताना चार गोष्टी बघ. सिलिकॉनचा असेल तर आत तारेची कडी गुंफलेली हवी, नाहीतर तोही चेपतो. क्रँककेसची नळी, डायव्हर्टरची परतीची नळी, पेट्रोलच्या वाफेची नळी, सगळ्यांची तोंडं मूळ जागी आणि मूळ मापाची हवीत. आतून गुळगुळीत. आणि टर्बोकडचं तोंड नीट बसणारं, कारण ही जागा मॅफच्या पुढे आहे. इथे गळती झाली तर न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं. टर्बोनंतरच्या पाईपात गळती असेल तर उलट, मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. लॉग वाचताना हे लक्षात ठेव.

लॉगवाली

मॅफची नळी मूळचीच राहतेय म्हणजे हे रीमॅपच्या आधी बसवलं तरी चालेल. मी तर आधीच बसव म्हणेन. मग मॅप त्याच्यावरच बनेल, पुन्हा यावं लागणार नाही.

चौथा_गियर

तार गुंफलेला इनलेट पाईप काल बसवला. चार तास गेले, त्यातला दीड तास एकाच क्लॅम्पवर, कारण तिथे पाना फिरायला जागाच नाही. डबा मूळचा, फिल्टर नवा कागदी.

आज पुन्हा मोजलं. टर्बोच्या तोंडाशी ३८ होते, आता २१. आयडलला ट्रिम +१, ८० ला +२. पॉवर वाढल्यासारखी वाटत नाही, पण बूस्ट थोडा लवकर भरतो असं वाटतं. हे मनाचे खेळ आहेत का ते पुढच्या लॉगमध्ये बघेन. आणि शिट्टी! काचा बंद असतानाही ऐकू येते. उघड्या कोनाएवढी मोठी नाही, पण २००० आरपीएमपासून बारीक सुरू होते आणि वर चढत जाते. मला एवढीच हवी होती.

वळणदार, तुमच्या त्या उसाशाच्या किटचं नाव मात्र व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

फिल्टर_धुतो

अभिनंदन. सिलिकॉन गरम-थंड होऊन बसतं, तेव्हा शंभरेक किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना सगळे क्लॅम्प पुन्हा आवळून घे. पाना फिरत नव्हता तो आधी.