शेजारचे शेतकरी गेले. व्हिजिटेशनला (अंत्यदर्शनाला) जाताना काय नेतात?

बार्शीकर:
मंडळी, घाईत विचारतोय, उद्या संध्याकाळीच जायचंय.

आम्ही अमेरिकेत, आयोवात खडीच्या रस्त्याला भाड्याच्या घरात राहतो, गाव सहा मैलांवर. मंगळवारी पलीकडचे म्हातारे शेतकरी गेले. वय ८१. सोयाबीन काढून झालं होतं, मका अजून उभा आहे. संध्याकाळी कॉम्बाइनची (कापणी-मळणीच्या यंत्राची) टाकी डिझेलने भरून ठेवली, घरात येऊन बूट काढायला बसले ते उठलेच नाहीत.

बोलायचे कमी. पिकअपमधून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचे, तोच नमस्कार. चार हिवाळे पहाटे पाचला ट्रॅक्टर आणून आमच्या दारचा बर्फ लोटून जायचे, बेल न वाजवता. पहिल्या वर्षी मी २० डॉलरची नोट घेऊन मागे धावलो. नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तसाही वितळणारच होता."

एकदा वडिलांचा शाळूत उभा असलेला फोटो दाखवला. "मायलो," म्हणाले, म्हणजे इथली ज्वारी. लगेच ओळखलं. किती एकर? म्हटलं नऊ, कोरडवाहू. जरा विचार केला आणि म्हणाले, "पाऊस पडला तर नऊ पुष्कळ झाले." स्वतःची ४८०.

तर प्रश्न असे: पांढरं घालायचं की काळं? पेटी उघडी असते म्हणतात, मग सात वर्षांच्या मुलीला न्यावं का? आई सध्या इथे आलीय, ती म्हणते त्यांच्या घरी चूल पेटली नसेल, पिठलं-भात करून देऊ. मी नको म्हणतोय.

नेब्रास्काची_नणंद:
तुमच्या आईंना अर्धं कळलंय, तुम्हाला काहीच नाही :) इथेही हेच करतात, फक्त पिठल्याऐवजी चीज घातलेले बटाटे नाहीतर हॅम असतं. पिठलं मात्र खरंच नको, बिचारे पिवळं बघून घाबरतील. काहीतरी गोड करा.

कपडे गडद आणि साधे. स्वच्छ जीन्स चालते, अर्धे शेजारी शेतातून तसेच येतात. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. बर्फाचं मात्र नक्की सांगा, लोक त्यासाठीच थांबतात. पेटीपाशी जायलाच हवं असं नाही. मुलीला आधी सांगून न्या. कार्डाच्या पाकिटात थोडे पैसे घालतात. ते बहुधा चर्चला किंवा गावच्या फायर ब्रिगेडला जातात, घरच्यांना नाही, तेव्हा संकोच नको.

आणि भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहा. चर्चच्या तळघरात चाळीस सारखी भांडी असतात.

यवतमाळी_पांढरं_सोनं:
४८० एकर! आणि वर कॉम्बाइन! आमच्याकडे याला शेतकरी नाही, जहागीरदार म्हणतात. दुःख आहेच, पण तुलना करू नका राव.

प्रेअरीपंत:
@यवतमाळी, एकर मोजून उपयोग नाही, कर्ज मोजा. म्हातारे ८१ चे, म्हणजे १९८० साली भर उमेदीत. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढत होते, बँका बोलावून कर्ज देत होत्या. रशियाने अफगाणिस्तानात फौजा घातल्या म्हणून जानेवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी रशियाला होणारी धान्यविक्री थांबवली. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत व्याज २० टक्क्यांच्या घरात गेलं. आयोवात जमिनीचा सरासरी भाव १९८१ ला एकरी २,१४७ डॉलर होता, १९८६ ला ७८७. ज्याने २,००० ने घेतली त्याचं कर्ज तेवढंच राहिलं आणि तारण मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आलं. शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरीचं वेगळं कलम १९८६ ला आलं, तोवर कित्येकांचे लिलाव होऊन गेले होते. तेव्हा इथेही लोकांनी जीव दिलेत. यवतमाळला हे समजावून सांगायला नको.

बार्शीकर:
पंत, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. ते जमिनीला आकडा लावत नसत, "होम प्लेस", "नॉर्थ एटी" असं म्हणायचे. नॉर्थ एटी म्हणजे उत्तरेकडचे ऐंशी एकर, १९७९ ला घेतलेले, १९८५ ला बँकेने नेलेले. त्यात चाळीस वर्षं दुसराच पेरतोय, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत "आपली नॉर्थ एटी". हे मला त्यांनी नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं.

बार्शीकर (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे आभार. राहिलेलं सांगतो.

आईने नारळाच्या वड्या केल्या. तळघरात टेबलावर लेमन बार आणि राइस क्रिस्पी बारच्या मधे ठेवल्या, चौकोनी असल्याने तिथल्याच वाटत होत्या. घरी आल्यावर आईने सगळ्यांना आंघोळीला पिटाळलं, ते वेगळं.

आणि मग मका. नंतरच्या शनिवारी दव सुकल्यावर आठ कॉम्बाइन रस्त्याने ओळीत आले. कोणी बोलावलं नव्हतं, निदान माझ्यासमोर तरी. आमच्याकडे याला इर्जिक म्हणायचे, फक्त बैल होते. म्हाताऱ्यांचं कॉम्बाइन मुलाने चालवलं. तो मिनियापोलिसला ऑफिसात असतो. किल्ली फिरवली, काटा फुल्लवर गेला, तर तो पाच मिनिटं तसाच बसून राहिला. मागे सगळे इंजिन चालू ठेवून थांबले, हॉर्न कोणी वाजवला नाही.

मला काहीच येत नाही, म्हणून नारिंगी झेंडा देऊन वळणावर उभं केलं. धान्याचे ट्रक मोजत होतो, तिसानंतर सोडून दिलं. जाणारा प्रत्येक ड्रायव्हर बोट वर करायचा. २४० एकर तीनपर्यंत मोकळे.

नेब्रास्काची_नणंद:
वड्या उरल्या का?

बार्शीकर:
एकही नाही. ताट मात्र अजून यायचंय. तळाला नाव लिहायचं राहिलं.