लहानग्यांची लस आणि शाळा एकाच गाठीत का बांधायची?

पिंपळपान
जानेवारी २०२२ चा दुसरा आठवडा. शाळेचं पत्र आलंय : सोमवारपासून प्रत्यक्ष वर्ग, ज्यांना नको असतील त्यांना आणखी एक सत्र घरून शिकता येईल. त्याच आठवड्यात पाच ते अकरा वयोगटाच्या कोविडच्या लशीसाठी नाव नोंदवायचा निरोपही आला. लेक सहा वर्षांची आहे, मुलगा तीनचा. सासूबाईंचं मूत्रपिंड बदललेलं आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना जन्मभर घ्यायची आहेत.

परवा लेकीने विचारलं, "आई, वर्गात माझ्याखेरीज आठ जण आहेत ना?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, तिच्या स्क्रीनवर एका वेळी नऊच चौकोन मावतात. वर्गात एकतीस मुलं आहेत. उरलेली बावीस तिच्या लेखी नाहीतच.

नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही डोस होऊन पंधरा दिवस गेले की मग शाळा. हिशेब करून पाहिला. दोन डोसांत तीन आठवडे, वर दोन, शिवाय तारीख मिळेपर्यंतचे दिवस. सत्र त्यातच संपतं. आणि हाच नियम धाकट्याला लावला तर? फायझरने १७ डिसेंबरला सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांत ३ मायक्रोग्रॅमच्या दोन डोसांनी हवा तेवढा प्रतिसाद आला नाही, आता तिसरा देऊन बघणार. म्हणजे तो कधी घराबाहेर पडणार हे एका चाचणीच्या निकालावर ठरणार.

माझं मत : लस द्यायची. आणि शाळेत सोमवारपासूनच पाठवायचं, लशीची वाट न पाहता. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण भीतीपोटी त्यांची गाठ मारली आहे. पटत नसेल तर जरूर सांगा, सोमवारच्या आत मला खरंच ठरवायचं आहे.

दोघांचा बाबा
शाळेबद्दल शंभर टक्के सहमत. लशीबद्दल अजिबात नाही.

पाच ते अकरा वयाच्या ज्या चाचणीवर अमेरिकेत २९ ऑक्टोबरला परवानगी मिळाली, तिच्या परिणामकारकतेच्या आकड्यामागे साधारण २,२६८ मुलं होती. त्यातल्या सुमारे दीड हजारांना लस, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. दीड हजारांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी त्याचं खरं प्रमाण पाचशेत एक असू शकतं. संख्याशास्त्राचा हा साधा नियम आहे. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा जो प्रकार किशोरवयीन मुलग्यांत दुसऱ्या डोसानंतर दिसला, तो एवढ्या छोट्या गटात सापडणारच नाही, हे परवानगी देणाऱ्यांनीही मान्य केलं होतं.

शिवाय तो गाजलेला ९०.७ टक्क्यांचा आकडा. लस घेतलेल्यांत ३ बाधित, न घेतलेल्यांत १६. एवढ्यावरच तो उभा आहे, आणि तोही डेल्टाच्या काळातला. आता ओमिक्रॉन आहे.

माझ्या मोठ्याला नोव्हेंबरात कोविड होऊन गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सोफ्यावरून उड्या. मी लसविरोधी नाही. दोघांच्याही बाकी सगळ्या लशी वेळच्या वेळी झाल्या आहेत. मी फक्त एवढंच विचारतोय, की निरोगी मुलाच्या बाबतीत घाई कसली? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल?

वॉर्डातली ताई
लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, म्हणून लिहिते.

बाबा, तुमचा प्रश्न ऑक्टोबरमध्ये अगदी रास्त होता. पण ३ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर या काळात अमेरिकेत याच वयोगटाला सुमारे ८७ लाख डोस दिले गेले, आणि त्याचा अहवाल डिसेंबरअखेर आला आहे. खातरजमा झालेल्या हृदयस्नायूच्या सुजेच्या नोंदी ११. तुमचा दीड हजारांचा हिशेब बरोबरच होता, फक्त आता तो दीड हजारांवर थांबलेला नाही. आणि या मुलांचा डोस १० मायक्रोग्रॅमचा आहे, मोठ्यांच्या ३० च्या एक तृतीयांश.

"काय बिघडेल" याचं उत्तर मी पाहिलंय. नऊ वर्षांचा मुलगा. पाच दिवस ताप हटेना, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, पोटदुखी एवढी की आधी सगळ्यांना अपेंडिक्स वाटलं. महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना कोविड झाला होता, त्याचं तर नाकसुद्धा वाहिलं नव्हतं. हा एमआयएस-सी, म्हणजे कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना एकदम सूज आणणारा आजार. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी येतो आणि बऱ्याचदा ठणठणीत मुलांनाच गाठतो. विरळ आहे, मान्य. तो मुलगा बरा होऊन घरी गेला. पण त्याचे वडील रात्रभर मॉनिटरवरच्या रक्तदाबाच्या आकड्याकडे बघत बसायचे. त्यांच्याशी मी टक्केवारीत बोलू शकले नाही. बारा ते अठरा वयोगटात फायझरचे दोन डोस हा आजार बहुतांशी टाळतात, असं याच महिन्यात प्रसिद्ध झालं आहे. लहानांचे आकडे अजून यायचे आहेत, पण दिशा तीच असेल असं मला वाटतं.

एक विनंती सगळ्यांनाच. कोविडच्या लशीवर वाद घालताना घरातलं लसीकरणाचं कार्ड उघडून बघा. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या किती कार्डांवर गोवराच्या दुसऱ्या डोसाचा रकाना कोरा असतो! दवाखान्यात जायची भीती, दुसरं काय. २०२० मध्ये जगभरात २ कोटी ३० लाख मुलं नेहमीच्या मूलभूत लशींना मुकली. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना आजार देतो. शाळा उघडल्यावर तो कोरा रकानाही वर्गात येऊन बसणार आहे.

नवी आई
वॉर्डातली ताई, एक विचारू का? रागावू नका. आमच्या नातेवाइकांत सगळीकडे फिरतंय की या लशीमुळे मुलींना पुढे मूल होण्यात अडचण येते. मला पटत नाही, पण मनातून जातही नाही.

वॉर्डातली ताई
रागवायचं काय त्यात, विचारलंत ते बरं केलंत. लशीतला एमआरएनए, म्हणजे पेशीला विषाणूचं एक प्रथिन बनवायला सांगणारा निरोप, पेशीच्या केंद्रकात, जिथे आपले जनुक असतात, तिथे जातच नाही. शरीर काही दिवसांत त्याचे तुकडे करून टाकतं. लस घेतलेल्या हजारो बायकांना नंतर गर्भधारणा झालेली आहे. ज्यांनी फिरवलंय त्यांना हे जरूर वाचून दाखवा.

जुनी शिक्षिका
मी पहिलीच्या मुलांना अक्षरओळख शिकवते. लशीतलं मला कळत नाही, वर्गातलं कळतं.

प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठांची. मी "प" म्हणताना मुलं माझ्या ओठांकडे बघतात, मग स्वतःचे मिटून उघडतात. स्क्रीनवर माझा आवाज आधी पोचतो, ओठ मागून हलतात. ऑक्टोबरात थोडी मुलं वर्गात आली, तेव्हा सहा वर्षांची पोरं "ब" आणि "म" मध्ये गडबडत होती, जी एरवी चौथ्या वर्षीच सुटते. एकाला पेन्सिल धरता येईना. तो बोटाने कागदावर रेघ ओढायचा आणि काही उमटत नाही म्हणून माझ्याकडे बघायचा. दोन वर्षं त्याने काचेवरच बोट फिरवलं होतं.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला, पहिल्या लाटेतच, सर्वांत आधी धाकट्यांच्या शाळा उघडल्या. तेव्हा कुणाकडेच लस नव्हती. लहान गट केले, वर्ग बाहेर मोकळ्यावर घेतले. मग आपल्यालाच लशीशिवाय दार उघडता येत नाही असं का वाटावं?

आमच्या वर्गात कार्बन डायऑक्साइड मोजणारं हाताएवढं यंत्र ठेवलंय. बाहेरच्या हवेत ते दहा लाख भागांत ४२० च्या आसपास दाखवतं. खिडक्या लावून अर्धा तास वर्ग घेतला तर १,९०० वर गेलं. म्हणजे आम्ही सगळे एकमेकांचा सोडलेला श्वास आत घेत होतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्यावर दहा मिनिटांत ८०० च्या खाली. आता रोज एका मुलाकडे "हवामंत्री" हे पद असतं. आकडा वाढला की तो उठतो, खिडकी उघडतो. बाक पुसण्यात आणि पुन्हा पुन्हा हात धुण्यात आपण फार वेळ घालवला, तेवढा हवेवर घालवायला हवा होता. पिंपळपान, शाळेला आधी खिडक्यांबद्दल विचारा.

समईची ज्योत
सगळं वाचलं. कुणाचं चुकतंय असं म्हणत नाही, पण "शाळेत पाठवा" हे ज्या सहजतेने लिहिलं जातंय ते वाचून पोटात तुटतं.

माझा मुलगा साडेसातव्या महिन्यात जन्मला, फुप्फुसं पहिल्यापासून नाजूक. आता चार वर्षांचा आहे. त्याला लस नाही. मास्क तो दहा मिनिटं ठेवतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांवर मास्कची सक्ती नको हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. म्हणजे त्याच्यासाठी उरलं काय? खिडकी. थंडीत ती किती वेळ उघडी राहील हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी घरात आधी त्याला सर्दी झाली, मग मला, मग माझ्या वडिलांना. वडील गेले. कुणाकडून कुणाला झाला हे कळायला मार्ग नाही, मी स्वतःला रोज तेच सांगते. मोठ्या मुलीने सहा महिन्यांनी, गणित करता करता, मान वर न करता विचारलं, "भाऊ खेळगटात गेला नसता तर आजोबा असते का?"

त्यामुळे आम्ही घरीच. लस येईपर्यंत. पिंपळपान, तुम्ही म्हणता ती गाठ भीतीने मारलेली असेल, पण ती भीती आम्ही कल्पनेने आणलेली नाही. तुमच्याही घरात सासूबाई आहेत. शाळा उघडा, पण घरून शिकायचा पर्याय बंद करू नका, एवढंच.

दोघांचा बाबा
समईताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. तुमच्या मुलीला काय उत्तर द्यावं हे मलाही सुचत नाही. घरून शिकायचा पर्याय राहिलाच पाहिजे, त्याबद्दल मी आमच्या शाळेला लिहिलं आहे.

वॉर्डातल्या ताईंचा ८७ लाखांचा आकडा मी पाहिला नव्हता. माझ्या आक्षेपाचा मोठा भाग त्यामुळे गळून पडतो, हे कबूल करतो. तरी दोन गोष्टी. त्यातल्या बऱ्याच नोंदी कुणीतरी आपणहून कळवलेल्या आहेत, आणि कळवायचं राहून जातंच. दुसरं, तज्ज्ञांचंही एकमत नाही. जर्मनीच्या लसीकरण समितीने डिसेंबरात या वयाच्या मुलांपैकी ज्यांना आधीचे आजार आहेत, किंवा ज्यांच्या घरात लशीने पुरेसं संरक्षण न मिळणारं माणूस आहे, त्यांनाच शिफारस केली. इतर निरोगी मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. कॅनडाने सगळ्यांनाच लस देता येईल असं म्हटलं, पण दोन डोसांत किमान आठ आठवडे ठेवा म्हणून सांगितलं, कारण अंतर वाढवलं तर प्रतिसाद चांगला मिळतो आणि हृदयाचा धोकाही कमी होऊ शकतो. म्हणजे "द्या" आणि "नको" यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

पिंपळपान, जर्मनीचा नियम लावला तर तुमच्या लेकीला लस द्यायलाच हवी. माझ्या मोठ्याला नुकताच संसर्ग होऊन गेलाय, मी थांबणार. मात्र एक गोष्ट मला मुळीच मान्य नाही. लेकाच्या वर्गात मुलं एकमेकांना विचारतात, "तुझी झाली का?" आणि ज्याची नाही त्याच्या शेजारी बसत नाहीत. सात वर्षांच्या मुलाने आईवडिलांच्या निर्णयाचं उत्तर का द्यावं?

जुनी शिक्षिका
बाबा, हे आमचं काम. वर्गात तो प्रश्न विचारायचा नाही, असा नियम मी पहिल्याच दिवशी केला. मोठ्यांनी दटावलं नाही, नुसतं सांगितलं, तरी मुलं ऐकतात.

पिंपळपान
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री हाच धागा उघडून बसले होते.

समईताई, "सहजतेने" हा शब्द लागला, आणि योग्य ठिकाणी लागला. माझ्या पहिल्या लिखाणात सासूबाईंचा उल्लेख होता, पण विचार नव्हता. तरीही मुलगी सोमवारी जाणार. तिला जेवढे दिवस घरी ठेवीन तेवढे दिवस सासूबाई सुरक्षित, हे खरं. पण ती भिंत कधी पाडायची याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि लेक पुन्हा सहा वर्षांची होणार नाही. शाळेला फोन केला. खिडक्या उघडतात, डबा बाहेर मैदानात खातात. पहिला डोस गुरुवारी आहे. दुसरा आठ आठवड्यांनी घेऊ द्याल का, असं डॉक्टरांना विचारणार आहे. धाकट्याच्या कार्डावर गोवराचा दुसरा रकाना कोरा निघाला. मला वाटत होतं की झाला आहे.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरीला जाऊ दे. महिनाभर मी वरच्या खोलीत जेवीन."

वॉर्डातली ताई
पिंपळपान, एक राहिलंच. मूत्रपिंड बदललेल्या माणसांना दोन डोसांनी बऱ्याचदा पुरेशी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी तिसरा डोस मूळ मात्रेचाच भाग धरतात, तो बूस्टर नव्हे. सासूबाईंचा तिसरा झालाय ना?

पिंपळपान
नाही झाला. दोन झाले म्हणजे झालं, असंच आम्ही धरून बसलो होतो. महिनाभर मुलांचंच बोलतोय, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. उद्या सकाळी पहिला फोन त्यांच्या डॉक्टरांना.