पेन्शनरांच्या गावात तिशीतल्या माणसाने करायचं काय?
पेन्शनरच जास्त असलेल्या गावात तिशीतल्या माणसाने राहायला जाऊन करायचं काय, असा प्रश्न कुणीतरी विचारला होता; त्यावर थोडी भर. आम्ही इंग्लंडात, श्रॉपशर परगण्यातल्या लडलो या गावात राहतो. वस्ती साधारण १०,०००, त्यात पेन्शनर भरपूर. पण गावच्या कॅसल स्क्वेअर या चौकातला सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवारचा बाजार त्यांच्याच जिवावर टिकलाय, असं माझं मत. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९.३० वाजले की म्हाताऱ्यांचा फुकटचा बसपास चालू होतो आणि आजी-आजोबा पिशव्या घेऊन हजर! (मेथीची जुडी मात्र विसरा.)

खरी अडचण घराची. जुनं, लाकडी सांगाड्याचं घर लिस्टेड (म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या सरकारी यादीत) असेल तर खिडक्यांना डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) करायलाही कौन्सिलची परवानगी लागते. हिवाळ्यातलं गॅसचं बिल तर बघवत नाही. आधी भाड्याने राहून एक अख्खा जानेवारी महिना काढा, मग विकत घ्यायचं बघा.