गंगापूर रोडवरचं इटालियन जेलाटो-पेस्ट्रीचं दुकान : आधी काय पाहायचं, काय विचारायचं?

मखमलाबादकर
गंगापूर रोडला इटालियन पद्धतीच्या जेलाटो-पेस्ट्रीच्या दुकानात रविवारी घरच्या सहा जणांना न्यायचं आहे. पाटीवर 'पारंपरिक' असं लिहिलंय आणि छोट्या कपाची किंमत नेहमीच्या आइस्क्रीमच्या दुप्पट. माल खरंच तसा आहे का, हे काउंटरवर उभं राहून कसं ओळखायचं? सासूबाई अंडं अजिबात खात नाहीत आणि जेलाटोत जिलेटिन असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. शिवाय नाशिक रोडला नणंदेकडे पार्सल न्यायचंय, तेही एप्रिलच्या दुपारी. मागच्या वेळी पार्सल फ्रीजरमध्ये दगडासारखं झालं आणि खाताना बर्फाचे कण लागत होते.

थंडगार_सातपूर
काचेतून आधी रंग पाहा. पिस्त्याचा खरा रंग मळकट, तपकिरीकडे झुकणारा हिरवा असतो. पोपटी दिसला तर रंग घातलाय. केळ्याचं जेलाटो मळकट पांढरं असतं, पिवळं नाही, आणि लिंबाचं पांढरंच. आपल्या हिरव्या थॉमसन द्राक्षांचं सॉर्बेही (फळांचं, बिनदुधाचं) फिकट पिवळसर दिसायला हवं. जांभळा रंग काळ्या द्राक्षांच्या सालीतूनच येतो, गर आतून फिकटच असतो.

मग उंची पाहा. ट्रेच्या वर वीतभर डोंगर रचलेला असेल तर शंका घ्यावी. जेलाटो उणे १२ ते उणे १४ अंशांना वाढतात, म्हणजे आइस्क्रीमपेक्षा मऊ. चांगल्या मालाचा एवढा उंच ढीग दिवसभर टिकत नाही. टिकवायचा तर हवा, स्टॅबिलायझर (मिश्रण धरून ठेवणारे डिंक वगैरे) किंवा वनस्पती तेल वाढवावं लागतं. काही दुकानांत झाकणाची गोल स्टीलची भांडी काउंटरमध्ये बसवलेली असतात, त्यांना पोझेत्ती म्हणतात. त्यात माल दिसत नाही, पण उजेड आणि हवा लागत नसल्यामुळे तो चांगला राहतो.

किमतीचं गणित कपावर करू नका, वजनावर करा. घुसळताना आइस्क्रीममध्ये हवा भरते. हवा मिश्रणाइतकीच असेल तर १ लिटरचं वजन ५५० ग्रॅमच्या आसपास भरतं. जेलाटोत हवा मिश्रणाच्या २० ते ३५ टक्के, म्हणून तेच लिटर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास जातं. ५०० मिलीचा डबा काट्यावर ठेवायला सांगा. डब्याचं वजन वजा करून ४०० ग्रॅमच्या वर भरला तर दुप्पट किमतीतला बराच भाग पदरात पडतोय. पावणेतीनशे भरला तर तुम्ही हवेचे पैसे देताय. ही एकच परीक्षा करायची असली तरी पुरेशी आहे.

चव घ्यायला मागाल तेव्हा चॉकलेट मागू नका, फिओर दी लात्ते मागा. त्यात दूध, साय, साखर एवढंच असतं. व्हॅनिला नाही, अंडं नाही. दुधाचा कस लपवायला जागाच उरत नाही. गिळल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला तर वनस्पती तेलाचा संशय घ्या. आपल्या नियमांप्रमाणे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या मालाला आइस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' म्हणावं लागतं. तेव्हा पॅक डब्यावरचे शब्द वाचा.

कढईवाली
मखमलाबादकर ताई, सासूबाईंना सांगा की जेलाटो म्हणजे नुसतं 'गोठवलेलं'. जिलेटिन हा शब्द त्याच मुळाचा, पण पदार्थ वेगळा, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला. जिलेटिन बहुतेक वेळा पन्ना कोत्तात (सायीचं थलथलीत गोड) आणि काही मूसमध्ये (फेटून हलकं केलेलं गोड) असतं, ते मात्र नक्की विचारा. त्याऐवजी समुद्री शेवाळाचं आगर वापरलं असेल तर अडचण नाही.

अंड्याचं असं की 'क्रेमा' नावाच्या जेलाटोत पिवळं बलक असतं. बलक आणि वाइन फेटून केलेल्या झाबायोनेमध्ये तर असतंच. फळांच्या सॉर्बेत दूधही नसतं आणि अंडंही नाही. पण एकच पळी सगळीकडे फिरत असेल तर हिरव्या ठिपक्याला अर्थ राहत नाही. स्वच्छ पळी वापरायला सांगा. शेंगदाणा, हेझलनट यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही तेच करावं. कोनमध्येही अंडं असू शकतं, म्हणून सासूबाईंना कपच द्या.

पेस्ट्रीत जास्त जपून. तिरामिसू म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मऊ चीज यांचे थर. त्यातली सावोयार्दी बिस्किटं अंड्याशिवाय होत नाहीत आणि जुन्या रीतीत मस्कार्पोनेत (सायीचं मऊ चीज) कच्चं बलक फेटतात. लहान मुलं किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर बलक शिजवलेलं किंवा पाश्चराइज्ड आहे का, हे विचारायलाच हवं. 'एगलेस' म्हणून मिळतं ते साध्या स्पंजवर केलेलं असतं. चवीला चांगलं असू शकतं, पण कॉफी शोषण्याची त्याची रीत निराळी, तळ लगेच लगदा होतो.

काउंटरमध्ये आधीच भरून ठेवलेली कॅनोली (तळलेली नळी, आत रिकोत्ता हे मऊ ताजं चीज) घेऊ नका. आतल्या रिकोत्ताचं पाणी नळीत उतरतं आणि तासाभरात ती करंजीच्या सादळलेल्या पारीसारखी चिवट होते. समोर भरून द्यायला सांगा. नळीवर बारीक फोड दिसले पाहिजेत, ते चांगल्या तळणीचं लक्षण. सिसिलीत या पिठात डुकराची चरबी आणि मार्साला वाइन घालतात. इथे सहसा लोणी किंवा तेल असतं, तरी एकदा विचाराच. नेपल्सच्या स्फोल्यातेल्लेचंही तसंच: आपल्या चिरोट्यासारखे पदर, फक्त साट्याच्या जागी चरबी, आणि तळण्याऐवजी भट्टीत भाजलेले. रिकोत्ता आणि चीज आयात केलेलं असेल तर पाकिटावरचा ठिपका दाखवायला सांगा, कारण चीजसाठी दूध घट्ट करायला वापरलेलं रेनेट प्राण्याचंही असू शकतं.

गोदाकाठ
वर स्टॅबिलायझरबद्दल जे आलंय त्यात एक भर. गवारीच्या बियांचा डिंक किंवा कॅरोब झाडाच्या बियांचा डिंक अर्धा टक्क्याच्या आत असतो आणि तो भेसळ नाही. तो नसेल तर सुटं पाणी लवकर मोठ्या कणांत गोठतं. उपवासाला गवार चालत नसेल तर मात्र विचारून घ्यावं.

'शुगर फ्री'कडे सावधपणे बघा. साखर गोडीसाठी असते तशीच मऊपणासाठीही, त्यामुळे तिच्या जागी बहुधा माल्टिटॉल येतं. ते जास्त झालं की पोट बिघडतं.

मखमलाबादकर
वजनाची युक्ती रविवारीच करून बघते. पार्सलमधला दगड आणि बर्फ कशाने झाला असेल?

थंडगार_सातपूर
दगड होणं हा दोष नाही. घरचा फ्रीजर उणे १८ ला असतो आणि जेलाटो उणे १२ साठी बेतलेलं. खाण्याआधी १०-१५ मिनिटं फ्रीजच्या खालच्या साध्या कप्प्यात ठेवा, बाहेर ओट्यावर नको, नाहीतर कडा वितळतात आणि मधे दगडच राहतो.

बर्फ मात्र वाटेत झाला. अर्धवट वितळून पुन्हा हळूहळू गोठलं की पाण्याचे कण मोठे होतात. जिभेवर लगेच विरघळले तर तो बर्फच. वाळूसारखे रेंगाळले तर दुधातली साखर सुटलीय. तो कृतीचा दोष, दुकानाला सांगा.

साधा बर्फ कामाचा नाही, तो वितळताना ० अंशावर असतो आणि त्या तापमानाला जेलाटोचं पातळ दूध होतं. आदल्या रात्री १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून ते बाटल्यांत गोठवा, बाटल्या पाऊण भरा, नाहीतर फुटतील. हे पाणी ० च्या बरंच खाली वितळत राहतं आणि उणे ६ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. थर्मोकोलच्या खोक्यात डबा खाली, बाटल्या बाजूला आणि वर ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. उरलेली जागा वर्तमानपत्राने गच्च भरा. गाडीच्या डिकीत नको, एसी चालू असलेल्या भागात, सीटखाली. खोकं वाटेत उघडायचं नाही. पाऊण तास निघतो. दुकानातूनही डबा काउंटरमधला न घेता मागच्या उणे १८ च्या फ्रीजरमधला मागा. तिथलं जेलाटो निघतानाच चार ते सहा अंश जास्त गार असतं.

पोचल्यावर फ्रीजरच्या दारात नको, आत मागे. उघडलेल्या डब्यात प्लास्टिकचा कागद थेट जेलाटोवर दाबून लावा आणि आठवडाभरात संपवा.