कँटोनीजमध्ये धाय मोकलून रडणं

कँटोनीज या चिनी भाषेत ‘धाय मोकलून रडणं’ कसं म्हणायचं, या प्रश्नाला उत्तर म्हणून कुणीतरी रडण्यासाठी ‘हुक’ सुचवलाय, पण तो लेखी भाषेतला शब्द. हाँगकाँगमध्ये बोलताना ‘हाम’च म्हणतात, मधल्या सपाट सुरात. सूर खाली घसरला की अर्थ थेट ‘खारट’! तीव्रतेसाठी पुढे ‘तोउ’, म्हणजे ‘इतकं की’, जोडून परिणाम सांगायचा. ‘हाम तोउ साउ म् तोउ सेङ’: आवाज आवरेना इतकं रडणं, यातल्या दुसऱ्या ‘तोउ’चा सूर चढता ठेवा. रडून तोंड सुजलं तर ‘हाम तोउ च्यू थाउ कम’, डुकराच्या डोक्यासारखं; हे फक्त जवळच्या माणसांत. ‘हाम फू हाम फत’ मात्र दुखवट्याला कृपा करून वापरू नका, त्यात रडगाण्याची, कुरकुरीची छटा आहे. शोकात असलेल्यांना ‘चीत ओइ सोन पीन’ म्हणावं: दुःख आवरा, झालेलं स्वीकारा.